मुलगा जेवू घालतो का?

अहो,

परवा मला साठ पूर्ण झाली. म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचा फॉर्म मी आणून ठेवला आहे. पण आपला वसंत म्हणतो, "आई, तू त्या रांगेत उभी राहिलीस तर अख्खं लालमती गाव म्हणेल, शाळामास्तर आईला सांभाळत नाही." सही करावी की नाही? विचारायला तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले.

लंडनला जाऊन शिकलेलं तुमचं अर्थशास्त्र मला कधी कळलं नाही. देवळातल्या वर्गात अक्षरं शिकले, पुढचं वाचन माझं मीच केलं. तरी पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीत नेण्याआधी प्रत्येक अहवाल तुम्ही मला मराठीत समजावायचात. मी भाजी निवडत ऐकायची. एखादं पान मला उमगलं नाही, तर ते पुन्हा लिहायला घ्यायचात. एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

कांप दे मास्क गावच्या तुमच्या गंगूमावशी आठवतात? तेव्हा आपल्या बेटावर पेन्शन फक्त निराधारांना मिळायची. कारकुनाने विचारलं, "मुलगा जेवू घालतो का?" त्या म्हणाल्या, "तुपाशी वाढतो." अर्ज फेटाळला गेला. आपण भेटायला गेलो तर चूल थंड, आणि मुलगा कित्येक महिने फिरकला नव्हता.

"मावशी, खोटं का बोललीस?" तुम्ही विचारलंत.

"परक्या माणसापुढे पोराची अब्रू काढू? लंडनला जाऊन हेच शिकलास?"

तो प्रश्नच काढून टाका, वय झालेल्या प्रत्येकाला पेन्शन द्या, हे त्यानंतर वर्षानुवर्षं लिहीत राहिलात. कचेरीतले साहेब हसले, "मग साखर कारखान्याच्या मालकाच्या आईलाही?" तुम्ही म्हणालात, "हो. तिला विचारणार नाही, तरच गंगूमावशीलाही कुणी विचारणार नाही."

मी मात्र टोचायची, "एका ओळीपायी केस पांढरे केलेत." फॉर्मवरून तो प्रश्न काढला गेला तेव्हा मावशी राहिल्या नव्हत्या. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत आणि मी ताट झाकत चिडले. ते अजून सलतं.

माझाही राग आहे हं तुमच्यावर. जन्मभर म्हातारपणावर लिहिलंत, आणि स्वतः म्हातारं होण्याआधीच निघून गेलात. शोभलं का हे?

शेजारची भागीरथी माझ्याहून थोरली. चिनी वाण्याच्या दुकानातला पाव चहात बुडवून दिवस काढते, पण पेन्शन मागत नाही. "लोक म्हणतील, सून वाढत नाही." फॉर्मवर प्रश्न उरला नाही, तरी तिला तो ऐकू येतो. खात्यापित्या घरच्या बायका रांगेत दिसल्याच नाहीत, तर नुसतं उभं राहणं म्हणजेच मुलाची तक्रार ठरेल. 'प्रत्येकाला' हा तुमचा हट्ट मला आज कळला.

इथवर लिहून उठले आणि सही केली. वसंतला म्हटलं, "तुझ्या वडिलांनी हे माझ्यासाठीही लिहिलंय." त्याने फॉर्मवरची सही पाहिली. मग म्हणाला, "ऊन असतं रांगेत. छत्री ने."

भागीरथीकडेही जाऊन आले. तिला म्हटलं, "मला एकटीला लाज वाटते गं. सोमवारी सोबत येतेस?"

"तुझ्यासाठी येते, वहिनी," ती म्हणाली.

तिचा फॉर्म मी भरीन. पुढेही दर महिन्याला तिच्याबरोबर जाईन, मला गरज असो वा नसो. तिला त्या रांगेत एकटी पडू देणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
सगुणा