सपारबेक आगांच्या गिरणीची किंमत

३ मार्च, कोस्तानाय
आगांना गिरणीच्या वाढलेल्या किमतीची बातमी दिली. शरदात माझ्याच, त्यांच्या हिशेबनिसाच्या, सांगण्यावरून त्यांनी कर्ज काढलं होतं — व्याज खर्चात जातं, कर वाचतो, वाचलेला कर गिरणीची किंमत वाढवतो. दहा वर्षांचा हिशेब मांडून दाखवला. आगा हसले, "म्हणजे सरकार आपलं पीठ दळतंय!"

चांगली बातमी आणणाऱ्याला शुयिंशी, म्हणजे भेट, द्यावीच लागते. आगांनी अंगातली मेंढीच्या कातड्याची बंडी काढून माझ्या खांद्यावर टाकली. नौरोजच्या, नववर्षाच्या, जेवणात कामगारांना याच भावाने गिरणीचे हिस्से विकणार म्हणाले. मी फुगले होते नुसती.

११ मार्च
हिशेब पुन्हा तपासला. कर नफ्यावर लागतो. नफाच नसेल तर वाचणार कुठला कर? मी दहाही वर्षं भरपूर नफा धरून चालले. यंदा गहू महाग, पीठ स्वस्त. कर शून्य, वाचलेला कर शून्य — व्याज मात्र जिथल्या तिथे!

१२ मार्च
बाहेर उणे अठरा अंश. बंडी घातली नाही.

१६ मार्च
सांगायला गेले. तिथे गव्हाचा व्यापारी बसलेला. "आगा, तुमच्यावर कर्ज आहे असं ऐकतो. यापुढे रोख." वीस वर्षं उधारीवर माल देणारा माणूस! कर्जाच्या नुसत्या वासानेही किंमत उतरते, हे मी कुठेच धरलं नव्हतं. न सांगताच परत आले.

२० मार्च
सांगितलं. विकली तर कर्जही फिटणार नाही, इतकीच आहे गिरणीची किंमत. आगांनी हिशेबाचा कागद घडी करून ठेवला. मग म्हणाले, "एकही हिस्सा विकायचा नाही. वेळेवर बोललीस, पोरी." मी रडले. दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाले, "एकच आधी विकला गेलाय. पैसे बँकेच्या हप्त्यात गेले. नाव सांगू नका म्हणाली बिचारी."

२१ मार्च
आपा, माझी आई, गावाहून आली. बूटही न काढता दारातूनच म्हणाली, "झाझिरा, आईला शुयिंशी दे आधी! गाभण घोडी विकली. तुझ्या नावाने गिरणीत हिस्सा घेतलाय. लेकीनेच काढलेली किंमत, मग भाव कशाला करू?"

मी बंडी तिच्या अंगावर घातली.