रुखमाताईंचा टॅब

१० जून, धानोरा
संस्थेच्या सगळ्या टॅबची जबाबदारी आजपासून माझी. रीता मॅडम बाहेरचा माणूस लावणार होत्या. म्हटलं, गोंडी पुस्तकं काढणारी आपली छोटी संस्था, कशाला खर्च? मी आहे ना. फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं. टॅब गावोगाव, पण सगळे माझ्या एका स्क्रीनवर. चालू तो हिरवा, बंद तो राखाडी. इथूनच लॉक करता येतो, आतलं सगळं पुसताही येतं. मॅडम म्हणाल्या, गुणवंतराव, तुम्ही आहात म्हणून. खरंच आहे.

१६ जुलै
भामरागडकडे आपल्यासाठी गोंडी गाणी गोळा करणाऱ्या रुखमाताईंचा टॅब केव्हाचा राखाडी. फोनही लागत नाही. ऑफिसातली करिष्मा म्हणाली, "भाऊ, तिकडे पूर हाये. रस्ता बंद, टॉवर बंद. राहू द्या ना." हिला सिक्युरिटी कळत नाही. टॅब चोरीला गेला असला तर? पुसायची कमांड देऊन टाकली. स्क्रीनवर आलं: टॅब नेटवर्कमध्ये येताच सगळं पुसलं जाईल. कडक काम. छान झोप लागेल आज.

२९ जुलै
सुरक्षेसाठी मुख्य पासवर्ड बदलला. इतका अवघड, की कोणालाच कळणार नाही.

४ ऑगस्ट
रुखमाताईंच्या गावचे लालसूभाऊ डोंग्यातून पूर ओलांडून कामासाठी आले. सहज विचारलं. टॅब रुखमाताईंजवळच आहे म्हणाले. "सोलरवर चार्ज करते अन् म्हाताऱ्यायपाशी जाऊन बसते. पोचूदादानं कधी कोणाले नाई ऐकवली, ती गाणी भरून राह्यली त्याच्यात."
कमांड रद्द करायला बसलो. पासवर्ड आठवेना. रिसेटचा कोड जुन्या सिमवर जातो. ते सिम बंद.
लालसूभाऊंजवळ निरोप द्यायचा होता, टॅब नेटवर्कमध्ये आणू नका म्हणून. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं. ते गेले.
असो. पूर आहे अजून.

१२ ऑगस्ट
करिष्मा म्हणते, सॉफ्टवेअरच्या कंपनीला मेल करा. करणार आहे. इंग्रजी जुळवतोय. चूक माझी दिसता कामा नये.

२१ ऑगस्ट
रस्ता सुटला. रुखमाताई न कळवता आल्या. मी चहाला गेलो होतो. टॅबनं ऑफिसचं वाय-फाय आपोआप पकडलं.
परत आलो तर त्या टॅब मांडीवर घेऊन बसलेल्या. "भाऊ, हा मले भाषा निवडा म्हणून राह्यला. गोंडी नाई याच्यात." मग म्हणाल्या, "गाणी कुठी गेली?"
अपडेट आलं असेल म्हटलं. सिस्टिमचं काही सांगता येत नाही.
त्यांनी लगेच विश्वास ठेवला. म्हाताऱ्यांना काय सांगू, विचारलं. अपडेट म्हणून सांगा, म्हटलं. अपडेटला गोंडीत काय म्हणावं, हेही त्यांनी मलाच विचारलं.
जेवण गेलं नाही. ऊन असेल.

३ सप्टेंबर
लालसूभाऊंचा फोन. रुखमानं गाणी विकली, असं गावात बोलतात. तिच्यापाशी कोणी बसत नाही.
मॅडमना तांत्रिक अडचण सांगितली. म्हणाल्या, तुम्हीच जाऊन समजावा, तुमच्याइतकं टेक्निकल इथे कोणाला कळतं?

८ सप्टेंबर, रुखमाताईंचं गाव
सगळे जमले. मी सर्व्हर, क्लाउड, बॅकअप असं बरंच बोललो. रुखमाताई गोंडीत सांगत होत्या. त्यांचं माझ्यापेक्षा फार लवकर संपायचं.
पोचूदादांनी एकच विचारलं. रुखमाताई खाली बघत म्हणाल्या, "ते विचारतात, यानं सोता बटन दाबलं का?"
हो म्हटलं.
रुखमाताईंनी माझ्याकडे पाहिलं. 'हो' गोंडीत सांगायची गरज पडली नाही.
पोचूदादा काहीतरी बोलले आणि उठून गेले. काय म्हणाले, विचारलं. "काही नाई," म्हणाल्या.
परतताना लालसूभाऊ पुढे, मी मागे. मी मॅडमसाठी रिपोर्टचं वाक्य जुळवत होतो: 'ग्रामस्थांशी मोकळा संवाद झाला.'
नाल्यापाशी आल्यावर त्याच्या पुढचं वाक्य जुळवेना.