पिवळ्या फुलाचं नाव

४ फेब्रुवारी
बदली झाली एकदाची! आज नेकनूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. सुंदरबाईंनी भाड्याने दिलेलं घर छान आहे. दोन खोल्या, मागे अंगण. अंगणात कमरेएवढं झाड आणि त्याला एकच पिवळं फूल. माझी यास्मिन, वय वर्षं सात, त्याचं नाव विचारत बसली. म्हटलं, शोधू.

७ फेब्रुवारी
बिट्टी नाही, पान तोडल्यावर चीक येत नाही. तरवडही नाही, पानं वेगळी. मोबाइलने चार नावं सांगितली, एकही पटलं नाही. बीडला मतीनभाईंची नर्सरी आहे, त्यांना फोटो पाठवला. म्हणाले, असलं फूल पाहिलं नाही, यात परागच नाहीत. मधमाश्याही फिरकत नाहीत. घरी आले की अंग टाकून द्यावंसं वाटतं.

११ फेब्रुवारी
दोघींचे डोळे पिवळट. कावीळ असेल म्हणून रक्त तपासलं, रिपोर्ट साफ. यास्मिन शाळेतून येते ती दप्तरासकट झोपते. परवा तिने ते फूल केसांत माळलं होतं. आज झाडावर तीन आहेत.

१३ फेब्रुवारी
सुंदरबाईंना विचारलं. आधी अंगणाकडचं दार लोटून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, “तुमच्या आदीच्या बाई एक दिस दुपारी अंगनात आडव्या झाल्या. लई दमले म्हनल्या. मंग कुटं दिसल्याच न्हाईत. झाड तितंच उगवलं.”

१४ फेब्रुवारी
खणलं. माती कोमट. खाली काहीतरी मऊ लागलं, कुदळ टाकून दिली. भाईजानला, वाहेदला, बोलावलं. तो यास्मिनला बीडला घेऊन गेला. मलाही चल म्हणाला. पण पुढच्या दाराबाहेर पाय ठेवला की तिथेच खाली बसावं लागतं. अंगणात मात्र बरं वाटतं.

१६ फेब्रुवारी
यास्मिनचे डोळे निवळले. फोनवर हसली. अल्लाचे उपकार.
बीडची बस दोनदा गेली. उठले नाही.

१७ फेब्रुवारी
अंगणातच आहे. फुलं खूप —
आत्ता झाडाकडून कोणीतरी यास्मिनला हाक मारली. आवाज माझा. मी तोंड उघडलं नव्हतं.

१८
भाईजान, वही भिंतीवरून बाहेर टाकते. यास्मिनला इथे आणू नकोस. दार उघडं दिसलं तरी. मी स्वतः हाक मारली तरी —
फार दमलेय. थोडं आडवं —