नाताळचं झाड उतरवताना

पप्पा, आज आमच्या सोसायटीत नाताळचं झाड उतरवलं आणि मी दिवसभर वहिनीवर जळत होते. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, आता तुमच्यापासून काय लपवायचं! यंदा मी घरी हौसेने खरं सुरूचं झाड आणलं होतं, माझ्याहून उंच. आज तीन राजांचा सण, झाड उतरवायचा दिवस. सकाळीच मी ते ओढत कचऱ्याच्या डब्यांपाशी नेलं, तर वॉचमन आडवा आला. "मॅडम, असं नाय चालनार. चमकी काढा, तुकडे करा. नायतर गाडीवाले उचलत नाय." सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये कोयता कुणाकडे असणार? नाइलाजाने उरणला वहिनीला फोन केला. दुपारच्या आत ती हजर, पिशवीत तुमचा कोयता फडक्यात गुंडाळून.

तो कोयता तुम्ही मला कधी दिला नाहीत. मी नऊ वर्षांची असताना झाड चमकीसकट परसात फेकलं होतं आणि शेजारची शेळी ते खायला लागली होती. अजून दिसतं मला. तुम्ही शेळीच्या तोंडात बोटं घालून तो चंदेरी दोरा ओढताय, ओढताय, आणि तो संपतच नाही. शेळी वाचली. तुम्ही हात धुतलेत आणि म्हणालात, "तुला लावाची हौस हाय, काढाचा कंटाला." एवढंच. पुढे दादाचं लग्न झालं, मी नोकरीला इकडे आले, आणि पहिल्याच वर्षी तुम्ही कोयता नव्या सुनेच्या हातात दिलात. चमकी वरून खाली कशी सोडवायची, फांदी बुडाशी कशी तोडायची, पाला चिकूच्या आळ्यात, खोड दुधीच्या मांडवाला, सगळं तिला शिकवलंत. वर मला मागाहून फोनवर सांगितलंत, "हिच्या हाताला घाई नाय." तिच्या बोंबलाच्या कालवणाचं कौतुक केलं असतंत तर मी सोसलं असतं. हे नाही सोसलं.

आज ती खाली बागेत पाट मागून बसली. चमकीचा एकेक धागा सोडवून पुठ्ठ्यावर गुंडाळत होती. फांद्या बारीक तोडून पाला सोसायटीच्या जास्वंदींच्या बुडाशी पसरला. बायका जमल्या, फोन निघाले. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "किती व्यवस्थित हो! कुणी शिकवलं?"

"आमच्या पप्पांनी," वहिनी म्हणाली.

सासऱ्यांनी नाही, पप्पांनी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या पप्पांनी," मी सगळ्यांदेखत बोलून गेले. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, आणि शाळेतल्या पोरीसारखी भांडत होते. वहिनीने कोयता पुढे केला. "मग घ्या ना ताई, खोड राहिलंय." मी दोन घाव घातले, दोन्ही सालीवरून सरकले. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त खोड दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

वर चहा पिताना ती म्हणाली, "ताई, पप्पा मला पहिल्यांदा शिकवायला बसले तवा दिवे लागनीची वेळ झालेली. सकाळपासून झाडाला कुनाला हात लावू देत नवते. 'पोर येल, तिला काढू दे' म्हनायचे. दरवर्षीच तसं. तुमचा फोन आला की मगच कोयता काढायचे."

मी कप विसळायला उठले. खरं सांगते, तेव्हाही मला आधी तिचा हेवाच वाटला. माझी म्हणून राखून ठेवलेली प्रत्येक संध्याकाळ तिला मिळाली होती. वहिनी चारच्या बसने गेली.

हे पत्र टपालात कुठलं पडायला, टेबलाच्या खणात राहील. त्या फोनवर मी दरवर्षी तुम्हाला सांगायचे, ऑफिसातून रजा मिळाली नाही. पप्पा, मी रजा कधी मागितलीच नव्हती.