लाल, पाचतारी आणि बुटकी

४ मार्च, बुधवार

ही रोजनिशी एक जानेवारीला सुरू होणार होती. उशीर आळसामुळे झालेला नाही, हे आधीच नमूद करतो. कोणत्या पेनाने लिहावं ते ठरत नव्हतं. जेलचं पेन झकास चालतं, पण पानाच्या मागे उमटतं. बॉलपेन टिकाऊ, पण अक्षर कारकुनी येतं. दोन्हींचा नीट अभ्यास होईपर्यंत फेब्रुवारी सरला. सध्या पेन्सिलीने लिहितोय.

आज बसायचं कारण: मी बेसिस्ट होणार.

मी या प्रॅक्टिस स्टुडिओचा मॅनेजर आहे. मालक लोकांना 'आमचा केबल गुंडाळणारा' अशी ओळख करून देतात, पण ती त्यांची बोलायची पद्धत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी इथे एक बँड येतो. ड्रमर, गायिका, कीबोर्डवाला आणि बेसवाला. त्यातल्या बेसवाल्याची बदली झाली. काल निघताना ड्रमर मला म्हणाला, तू दिवसभर गिटारी पुसतोस, अधूनमधून वाजवतोसही, तर बसून बघ की आमच्यात. महिनाअखेरीला कार्यक्रम आहे.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. तो जिना उतरल्यावर दोन नंबरच्या रूममध्ये जाऊन दार लावून थोडा नाचलो.

मंगळवार-शुक्रवार सोडले तर मी आठवडाभर फारसा बोलत नाही. म्हणजे तशी गरज पडत नाही.

५ मार्च, गुरुवार

निश्चय. घाई करायची नाही. आजवर घाईनेच घोटाळे झाले. कुरिअरची नोकरी घाईत धरली, बेकरीची घाईत सोडली, मधलं वेल्डिंग तर धरलं कधी नि सोडलं कधी तेही आठवत नाही. या वेळी पाया पक्का.

स्टुडिओच्या भिंतीवर तीन बेस गिटारी टांगलेल्या आहेत. लाल: जुनी, चार तारांची, भरभक्कम. पाचतारी: नवी, चकचकीत, पोटात बॅटरी. बुटकी: हिची मान आखूड, त्यामुळे बोटं फार ताणावी लागत नाहीत. यातली आपली कोणती, हे आधी ठरलं पाहिजे. कसोट्या तीन: टोन, कम्फर्ट आणि कोणत्याही गाण्यात चालून जायची ताकद.

शाळेत विज्ञानाने मला दोनदा आपटलं, तरी एक गोष्ट डोक्यात राहिली. तुलना करताना बाकी सगळं सारखं ठेवायचं. म्हणून तिन्हींवर एकच तुकडा वाजवायचा. आठ सुरांचा तुकडा मी स्वतः बसवला आहे. डुम डुम डुडुम, वगैरे. पक्का शास्त्रशुद्ध.

मालकांनी एका वेळी एक गिटार वर माझ्या खोलीत न्यायची परवानगी दिली. म्हणाले, ने बाबा, पण केबलींचा गुंता आधी सोडव. माझी खोली म्हणजे स्टुडिओच्या वरची. पूर्वी तिथे फुटके स्पीकर ठेवायचे.

८ मार्च, रविवार

लाल. टोन जाड. दुपारी जेवून आडव्या झालेल्या मामासारखा घोरतो. आवडला.

कम्फर्ट तपासायला ती गळ्यात अडकवूनच सकाळचा केर काढला. वळताना तिच्या डोक्याने मालकांचं कॅलेंडर पाडलं. मालक म्हणाले, झाडू मारायला गिटार लागते हे मला माहीत नव्हतं. त्यांना संशोधन कळत नाही. संध्याकाळपर्यंत डावा खांदा उजव्याच्या खाली आला होता.

वर अ‍ॅम्प्लिफायर लावता येत नाही, म्हणून हेडफोन. तो लावला की रस्त्यावरच्या गाड्या, खालच्या रूममधला ढणढणाट, शेजारच्यांचं हसणं, सगळं बंद. फक्त बेस उरते. फार बरं वाटतं. आठ सूर. पुन्हा आठ सूर. जेवायचं राहिलं.

१० मार्च, मंगळवार

बँड आला. मी त्यांच्यासाठी एक विनोद तयार ठेवला होता. सांगायची वेळ जुळून आली नाही. गायिका माझ्याशी बोलली. माइकची केबल खरखरतेय म्हणाली. मी लगेच बदलून दिली, तर 'थँक्स' म्हणाली. एकूण संभाषण चांगलं झालं.

ड्रमरने बँडची सहा गाणी प्रॅक्टिसमध्ये रेकॉर्ड करून फोनवर पाठवली आहेत आणि विचारतो, किती बसली? मी म्हटलं, आधी हत्यार तर ठरू दे. तो म्हणाला, कोणतीही घे रे, वाजव म्हणजे झालं.

अशीच माणसं पुढे ड्रम वाजवतात.

उद्यापासून रोज एक गाणं बसवायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

१३ मार्च, शुक्रवार

पाचतारी. टोन काचेसारखा. सूर असा टणकन सुटतो की अंगावर काटा येतो. पाचवी तार इतकी खर्जात जाते की कपाटातला आरसा हलल्यासारखा वाटतो. हेडफोन लावलेला होता, त्यामुळे ते शक्य नाही, पण वाटतं.

पहिलं गाणं बसवायला घेतलं. गाण्यात बेस नीट ऐकू येईना. मनात आलं, तारा जुन्या असतील. तारा बदलल्या. मग कळलं, तारा आपल्या गिटारीच्या, गाणं फोनमधलं. तोवर स्टुडिओ उघडायची वेळ झाली. नव्या तारा मात्र मस्त लागल्या.

बँडसोबत बसून बघायची माझी ट्रायल आज होती, ती मी पुढच्या शुक्रवारवर ढकलली. तुलना अर्ध्यावर सोडून बसणं म्हणजे त्यांचीच फसवणूक. ड्रमर 'बरं' म्हणाला, पण लांबवून.

जुन्या बेसवाल्याचा शेवटचा दिवस. प्रॅक्टिस लवकर आटोपून सगळे त्याच्यासोबत जेवायला गेले. मलाही बोलावलं असतं, पण स्टुडिओ बंद करायला कोणीतरी लागतंच. त्यांनी तो विचार केला असणार.

१५ मार्च, रविवार

दादाचा फोन. मी सांगितलं, बँडमध्ये आहे, सगळे अगदी घरच्यासारखे. बेस वाजवतो. दादाने विचारलं, बेस म्हणजे गाण्यात जी कुणाला ऐकू येत नाही तीच ना? मी म्हटलं, ती काढली की कळतं ती होती. दादा म्हणाला, आईही तुझ्याबद्दल असंच काहीतरी म्हणत होती.

मग वहिनीने फोन घेतला, जेवतोस का विचारलं. रेंज गेल्याचं सांगून ठेवून दिला. रेंज चांगली होती.

१७ मार्च, मंगळवार

बुटकी. टोन साधा, मऊ, जरा बावळटच. पण कम्फर्ट! बोटं आपोआप पोचतात. उभं राहून वाजवा, बसून वाजवा, पलंगावर आडवं होऊन पोटावर ठेवून वाजवा. शेवटचा प्रयोग करताना डोळा लागला. सकाळी जाग आली तेव्हा ती तशीच होती, कुशीत. बऱ्याच दिवसांनी सलग झोप झाली.

प्रॅक्टिसला उशिरा पोचलो. बेसशिवाय त्यांचं चाललं होतं. पोकळ वाटत होतं. मला बरं वाटलं, म्हणजे त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

गाणी अजून बसलेली नाहीत. पण टोन समजल्याशिवाय गाणं म्हणजे वाळूवर घर.

१९ मार्च, गुरुवार

निकाल लावला. लाल: टोनला दहापैकी नऊ, कम्फर्टला चार, चालून जायला सात. पाचतारी: आठ, पाच, सात. बुटकी: चार, दहा, सहा. तिघींची बेरीज वीस.

पुन्हा तपासलं. वीसच.

याचा अर्थ सरळ आहे. खरा बेसिस्ट एका गिटारीला बांधलेला नसतो. उद्या तिन्ही न्यायच्या.

२० मार्च, शुक्रवार

ट्रायल झाली. एकंदरीत छान.

तिन्ही गिटारी स्टँडवर ओळीने लावल्या. कीबोर्डवाला म्हणाला, बाकीचे दोघं कधी येताहेत? विनोदी माणूस आहे. आमचं जमेल.

पहिलं गाणं, लालवर. सुरू झाल्यावर लक्षात आलं की माझ्या बोटांना त्या गाण्यातलं काहीच येत नाही. मग मी माझे आठ सूर वाजवले. पंधरा दिवस तेच घासून ठेवले असल्याने ते अप्रतिम वाजतात. गायिकेने वळून पाहिलं. ड्रमरने मान हलवली. मला वाटलं, दाद.

दुसऱ्या गाण्याआधी पाचतारी घेतली. पट्टा जुळवणं, केबल बदलणं, बॅटरी बघणं, यात थोडा वेळ गेला. गायिका खुर्चीवर बसली. या गाण्यातही मी ते आठ सूर टाकले, कारण तुलना सुटता कामा नये. एक महत्त्वाचा निष्कर्ष: पाचतारीचा तो काचेसारखा आवाज सगळ्यांसोबत वाजवला की गायब होतो. हेडफोनमध्ये राजा, चारचौघांत मुका. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरं गाणं संथ होतं. बुटकीवर आठ सूर संथ वाजवले. कीबोर्डवाला हसायला लागला आणि त्याला थांबता येईना. गायिका हसली नाही. तिने माइक बंद करून खाली ठेवला.

मी तत्परतेने विचारलं, तिघींपैकी कोणता टोन बरा वाटला?

मग ड्रमर काठ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "तू इतका वेळ फक्त तुझी बेस ऐकत होतास. आम्हीही वाजवत होतो रे."

आवाज चढवून नाही. साधंच. तो ओरडला असता तर उत्तर देता आलं असतं.

मी म्हटलं, हेडफोनची सवय, मंगळवारपर्यंत जाते. तो म्हणाला, बघू.

'बघू' म्हणाला. नाही म्हणाला नाही. मंगळवारपर्यंत सहा गाणी, दोन सहज, चार थोडी कष्टाने.

२२ मार्च, रविवार

एकही बसलं नाही. दिवसभर पाऊण गाणं ऐकलं. हेडफोन न लावता ऐकून पाहिलं. ड्रमर प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचित थांबतो आणि गायिका त्या थांबण्यात श्वास घेते. हे मला दर मंगळवारी-शुक्रवारी दाराबाहेर बसूनसुद्धा कधी कळलं नव्हतं. माझे आठ सूर नेमके तिच्या श्वासावर पडत होते.

पेन्सिलीला टोक काढायला गेलो, तो टोकयंत्र सापडेना. मग खोली आवरली.

२४ मार्च, मंगळवार

बँड आला. सोबत एक बाई. ड्रमरची मावशी. ड्रमरची स्कूटर बंद पडली म्हणून त्याला सोडायला आलेली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. पन्नाशीची असेल, पायात बूट, गळ्यात चष्मा.

कार्यक्रम रविवारी. मी तयार होतो. म्हणजे उभा होतो. ड्रमर माझ्याकडे न बघता केबल सोडवत म्हणाला, आज मावशी जरा बसून बघतेय, कॉलेजात ऑर्केस्ट्रात वाजवायची. मावशी म्हणाल्या, अरे कसली वाजवायची, बोटं लाकडाची झालीत.

त्यांनी लाल उचलली. ती दाराजवळ होती म्हणून. टोन विचारला नाही, नॉब फिरवला नाही. एका गाण्यात दोन सूर, फार तर तीन. मध्ये मध्ये काहीच नाही. नुसत्या ड्रमरच्या पायाकडे बघत राहायच्या, आणि गरज पडली की, डुम. शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसून वेळेला ब्रेक दाबावा तसं.

पोकळ वाटत होतं ते भरलं. मी दाराबाहेर होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

जाताना ड्रमर थांबला. राग नको मानू म्हणाला. मी म्हटलं, छे, मीच तुला सांगणार होतो, सध्या वेळ नाही. तो म्हणाला, हो का, बरं झालं मग. माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप बराच वेळ जाणवत होती.

२६ मार्च, गुरुवार, संध्याकाळ

शांतपणे विचार केल्यावर लक्षात येतं की बेस हे माझ्या पिंडाचं वाद्य नव्हतंच. ते दुसऱ्यांसाठी वाजवायचं वाद्य आहे. मी एकटा वाजवणारा. सॅक्सोफोन बरा. त्याचे दोन-तीन प्रकार असतात, कोणता घ्यावा ते आधी तपासून घेतलं पाहिजे. किंवा गावच बदलावं. बंदरावर माणसं लागतात म्हणे. एक एप्रिलपासून नवी सुरुवात. नाही, एक एप्रिल नको. दोन.

लाल मावशी मंगळवारीच सरावाला घरी घेऊन गेल्या; वर राहिलेली बुटकी खाली भिंतीवर टांगून आलो. खोली मोठी दिसतेय.

कोणीतरी जिना चढतंय. मालक नाहीत, ते इतके हळू चढत नाहीत. वरच्या या जिन्यावर आम्हा दोघांशिवाय कोणी येत नाही.

दार वाजलं.

ड्रमरच्या मावशी. धापा टाकत, पाठीवर लाल, हाताच्या बोटांना पट्ट्या. म्हणाल्या, हिने माझा खांदा मोडलाय, रविवारपर्यंत टिकत नाही मी. दुसरी कोणती घेऊ? मी विचारलं, तुम्हाला माझ्याकडे कोणी पाठवलं? तर म्हणाल्या, "भाचा म्हणाला, तिन्ही कळणारा एकच माणूस आहे, पण तो बोलायला लागला की थांबत नाही. म्हटलं, नाही थांबला तर नाही थांबला, मला वेळ आहे."

बुटकी. बेरीज न करता आलं तोंडात. अजून सांगितलं नाही.

आवरतो, एक मिनिट, असं सांगून हे लिहितोय. मावशी दारात उभ्या आहेत. खोलीत खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर कपडे आहेत.