खाली काहीतरी लागलंय

१८ मे, रविवार, सकाळ
रोजनिशी जानेवारीतच सुरू करणार होतो. जानेवारीत वही नव्हती. मार्चमध्ये वही मिळाली, तर पेन शोधताना दादाची जुनी गिटार सापडली, त्यात एप्रिल गेला. असो. आज लिहिण्यासारखं आहे. आजपासून मी ब्रूअर.

आधीचं थोडक्यात. शुगर लँडला गुरुनाथकाकांचा एसी दुरुस्तीचा धंदा आहे. तिथे मी लोकांच्या माळ्यांवर पोटावर सरपटत डक्ट बसवायचो. टेक्ससचा उन्हाळा, डोक्यावर तापलेलं छप्पर, अंगभर खाज. ऑक्टोबरात काकांना 'फिल्टर घेऊन येतो' म्हणून निघालो आणि बसने थेट मिशिगनमधलं ट्रॉय गाठलं. त्यांच्याच मुलाकडे, निमिषदादाकडे. बेसमेंटमध्ये राहतो. तात्पुरता. काकांनी फोनवर दादाला बजावलंय, चार जुलैपर्यंत पोरगं मार्गाला लागलं तर ठीक, नाहीतर परत माळ्यावर.

मार्ग सापडलाय. दादाचा मित्र राकेश, नागपूरचा, कार कंपनीतली नोकरी सोडून ब्रूअरी चालवतो. म्हणाला, स्वतः केलेल्या बिअरची एक पिण्यालायक बाटली दाखव, हाताखाली घेतो. लगेच सेकंडहँड पिंप आणलं. स्टीलचं, तळाशी गीझरसारखी कॉइल. पाणी तापवायचं, त्यात बार्लीचा पाक ओतायचा, उकळायचं. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. त्याचीच पुढे बिअर. व्हिडिओतला माणूस म्हणतो, पाक ओतताना कॉइल बंद ठेवा आणि सारखं ढवळा. स्लो माणूस आहे. मी कॉइल फुल ठेवून पाक ओतलाय आणि ढवळायच्या वेळात हे लिहितोय. वेळ वाचवणं हेच तर

संध्याकाळ
पुढे काय लिहिणार होतो आठवत नाही. वरून मीनाक्षीवहिनी ओरडली, खाली काहीतरी लागलंय! लागलं नव्हतं, रंग येत होता. पाक तळाला जाऊन कॉइलला चिकटला. पाक जड असतो, त्याला मी काय करणार? चव घेतली. कॅरॅमल म्हणता येईल. दादा म्हणाला, ॲशट्रे पण म्हणता येईल. सिंकमध्ये ओतलं.

१ जून, रविवार
चूक पाकाची होती. खरे ब्रूअर पाक वापरतच नाहीत. मोड आणून वाळवलेली अख्खी बार्ली आणतात, भरडतात आणि पिशवीत घालून गरम पाण्यात सोडतात. बार्ली आणली. दुकानात भरडायच्या मशीनला लाइन होती. म्हटलं, वहिनीचा पुण्याहून आणलेला मिक्सर कशाला आहे? वहिनी म्हणाली, "भरडच काढ हं, पीठ नको. आणि माझा मिक्सर जळला तर तुझं जेवण बंद."

मी लॉजिक लावलं. भरडीतून एवढं निघतं, तर पिठातून किती निघेल! फिरवत राहिलो. चकलीच्या भाजणीसारखं मऊसूत झालं. अख्ख्या मिशिगनमध्ये असं कोणी काढलं नसेल. पिशवी पिंपात सोडली. आता ढवळतच राहणार, जागचा हलणार नाही.

२ जून
ओरेगॉनमध्ये एक बाई व्हॅनमध्ये राहून मधमाश्या पाळते. तिचा एकच व्हिडिओ बघायचा होता.

पीठ पिशवीतून गळलं, कॉइलवर बसलं आणि भाकरीसारखं थापलं गेलं. पिंप आपणहून बंद पडलं. दादाची मुलगी मैत्री नाक धरून म्हणाली, "डिड द टोस्टर डाय?" वहिनी म्हणाली, भरड म्हणजे काय हे तुला घरी कोणी शिकवलं नाही का?

विषय भरडीचा नाहीच मुळी. विषय करंटचा आहे. इथे एकशेदहा व्होल्ट. करंट कमजोर, म्हणून तापायला वेळ, म्हणून पिठाला खाली बसायला वेळ. यावर कोणी बोलत नाही. दादाला नीट समजावलं. जरा सीरियस वाटावं म्हणून वायरिंगच खराब दिसतंय, घराला धोका आहे, असंही म्हटलं. दादा लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाला, एका माणसाला विचारतो.

८ जून, रविवार
चार जुलैच्या आत मुरायला हवी, म्हणजे ही शेवटची बॅच. या वेळी बार्ली दुकानातच भरडून आणली. (मिक्सर वहिनीने लपवलाय.)

कॉइल काळीकुट्ट झालीये. वहिनी म्हणाली, व्हिनेगर घालून पाणी उकळ, घासून लख्ख कर, मगच चढव. व्हिनेगर काढलंसुद्धा. पण मग डोक्यात आलं, बिडाचा तवा आपण घासून पांढरा करतो का? काळा होऊ देतो. म्हणून तर त्यावरचं धिरडं अलगद सुटतं. कॉइललाही तोच नियम असणार. घासली नाही. उलट थोडं तेल लावलं.

बराच वेळ ढवळलं. नंतर फक्त मधमाश्यांच्या पेटीची किंमत बघायला वर गेलो. आलो तेव्हा वास होता थोडा. जुनाच असेल, भिंतींत मुरलाय.

२० जून
बाटल्या भरल्या. लेबल करण्यात चार दिवस गेले, पण झकास झालंय. जर्मनीत म्हणे धुराच्या चवीची बिअर मुद्दाम करतात. म्हणजे मी न ठरवता जर्मन स्टाइलला पोचलो.

२८ जून, शनिवार
राकेश आला. एक घोट घेतला आणि गिळायचं की थुंकायचं हे ठरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "काय बे, यात फटाके विझवले का?"

कॉइल बघायची म्हणाला. खाली नेलं. त्याने टॉर्च मारून बघितलं. हे काय आहे? मी सांगितलं, सीझनिंग, तव्यासारखं. तेल लावलंय हेही सांगितलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि हसतच सुटला. वहिनीने त्याला पाणी दिलं, तीही हसत होती. शेवटी डोळे पुसून म्हणाला, "आमच्याकडे अर्धा दिवस भांडी घासण्यातच जातो यार. तू हे एक पिंप घासून लख्ख कर, फोटो पाठव, मग बघू."

म्हणजे नकार नाही. उद्याच घासतो.

२९ जून, रविवार
घासायलाच बसलो होतो. व्हिनेगर समोर आहे. पण विचार केला, मुळातलं करंटचं काम झाल्याशिवाय घासून उपयोग काय? पुन्हा काळं होणार. दादाला विचारलं, तुझ्या त्या वायरिंगवाल्याचं काय झालं? म्हणाला, येतोय, आजच पोचेल, घरचाच माणूस आहे, पैसे घेत नाही. चला, उत्तम. तोपर्यंत पेट्यांचा हिशोब करून टाकतो. दोन पेट्या बॅकयार्डमध्ये सहज

बेल वाजली. वहिनीने दार उघडलं. "अगंबाई, बाबा, तुम्ही? इतक्या लांबून? आणि हा एवढा मोठा टूलबॉक्स?"

बेसमेंटचा जिना वाजतोय. हळूहळू, एकेक पायरी. अर्ध्यावर थांबून काका विचारतायत, "काय रे, मिळाला का फिल्टर?"