अर्धी राहिलेली वंदना

शिरड शहापूर, ता. औंढा नागनाथ
२४ ऑगस्ट २०२४

चि. आकांक्षा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

वि. वि. तू फोनवर आईला सांगतेस एक आणि ती मला सांगते तिसरंच, म्हणून हे पत्र. गळ्याच्या ऑपरेशनात आवाज गेल्यापासून फोनचा मला उपयोग एवढाच, की ऐकू सगळं येतं आणि उत्तर काही देता येत नाही. मागं मुंजाजीच्या मोबाइलवर तू व्हिडिओ कॉल केलास, तेव्हा मी हातवारे करीत होतो, तू काय काय म्हणून विचारीत होतीस, आणि शेवटी दोघंही रडकुंडीला आलो. आता तो मोबाइलही त्याच्या लेकानं नेला. पत्रात मात्र मी अजून पहिल्यासारखाच बोलका आहे.

सोयाबीन बरं आहे. शेंगा धरल्या आहेत, पण पाऊस उघडत नाही. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, तरी वर्षावासाचे तीन महिने सुरू झाल्यापासून रोज पहाटे उठते. विहारातून आणलेला वंदनेचा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावते, ऐकते, आणि मग डाळीच्या डब्यात ठेवते. डाळीच्याच डब्यात का, हे विचारायची सोय नाही.

आता मुद्द्याचं. श्रावण पौर्णिमेला सकाळी तिची वंदना चालू असताना लाइट गेली. दुपारी आली, पण कॉम्प्युटर काही नीट सुरू होईना. बटण दाबलं की आत घरघर होते, दिवा लागतो, आणि पडद्यावर काळं पान येतं. त्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ. बस. पुढं काही नाही. मी बंद करून पाहिला, थांबून पाहिला, तुझी आई म्हणाली की दमला असंल, निजू द्या त्याला. त्याला निजून आता पाच-सहा दिवस झाले.

तुला माहीत आहे, त्यात माझी गाणी आहेत. ऑपरेशनच्या आधी तू मला समोर बसवून एकेक गाणं भरून घेतलंस. रोज संध्याकाळी मी ती लावतो. तुझी आई भाकरी थापता थापता प्रत्येक कडव्याच्या शेवटी कोरस धरते, जशी आमच्या गायन पार्टीत मागं उभी राहून धरायची. अंतरा मात्र कधी म्हणत नाही. मुख्य गायक गात असताना कोरसनं अंतरा ओढायचा नाही, हा पार्टीचा नियम. तो मीच घातलेला. आता घर मुकं झालं आहे. काय करावं ते लवकर कळव.

तब्येतीला जप. आमच्यावर जीव आहेच तुझा, तो तसाच असू दे.

तुझा बाबा,
ग्यानोबा


नाशिक
३१ ऑगस्ट २०२४

ती. बाबा यांना आकांक्षाचा सप्रेम जयभीम. ती. आईला सा. न.

वि. वि. पत्र काल मिळालं. वॉर्डात डेंग्यूचे पेशंट इतके आहेत की खाटा कमी पडून राहिल्यात. रजा मागितली तर मेट्रननं नुसतं माझ्याकडे पाहिलं. म्हणून मलाही इथूनच सांगावं लागतंय, फोनवर तुम्हाला उलट काही विचारता येत नाही म्हणून पत्रातूनच, आणि माझं सांगणं तुमच्यापर्यंत चार दिवसांनी पोचणार.

बाबा, एक गोष्ट आधी लिहिते, कारण ती लिहिल्याशिवाय पुढचं सुचत नाही. त्या गाण्यांची दुसरी प्रत कुठंच नाही. माझ्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मी ती कॉम्प्युटरमध्येच ठेवली होती. पुढच्या खेपेला घेऊ, असं म्हणत राहिले. तुमचा आवाज आता फक्त कॉम्प्युटरच्या त्या डब्यात आहे.

म्हणून नीट करा. भिंतीतली पिन काढा. डब्याला लागलेल्या वायरी एकेक करून काढा, पुसा, आणि जिथली तिथंच लावा. चुकू नये म्हणून आधी कागदावर चित्र काढून ठेवा. मग पुन्हा बटण दाबा. तरीही काळंच पान आलं तर ती इंग्रजी ओळ अक्षरन् अक्षर उतरून मला पाठवा. अंदाजानं लिहू नका.

आणि मुंजाजीकाकांना लांब ठेवा. ते तुमच्या पार्टीतले उत्तम ढोलकीवाले, पण त्यांचा हात कशावर पडेल याचा नेम नाही. दुसरं, कोणी म्हणालं की सगळं पुसून नवीन टाकावं लागेल, तर तिथून डबा उचला आणि घरी या. पुसलं की आवाजही पुसला जातो.

आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव, डाळीचा डबा नंतर आवर. माझी काळजी करू नका, ती मी तुमच्या वाट्याची पण करते आहे.

तुमची,
आकांक्षा


शिरड शहापूर
७ सप्टेंबर २०२४

चि. आकांक्षा हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र आलं, पण मुंजाजी त्याच्याआधीच येऊन गेला होता. त्यानं डब्याला डाव्या हातानं दोन, उजव्या हातानं तीन अशा थापा दिल्या आणि म्हणाला की ताल बराबर हाय, बिघाड आतला हाय. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असला प्रकार.

वायरी तू सांगितल्याप्रमाणे काढल्या, पुसल्या, लावल्या. चित्रही काढलं होतं. काळं पान तसंच. ओळ उतरली आहे, मागच्या कोऱ्या पानावर पाहा. माझ्या वाचण्याप्रमाणे ती 'रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया' अशी आहे. डिस्क म्हणजे तबकडी. आपल्याकडे तबकडी कुठली आली? मी डब्याभोवती फिरून दमलो.

मग राहवलं नाही. मुंजाजीच्या टेम्पोतून डबा हिंगोलीला एका दुकानात नेला. तुझ्या आईनं शिवलेल्या पांढऱ्या खोळीसकटच नेला, पावसाचं भिजू नये म्हणून. मुंजाजी टेम्पो लावायला जागा शोधत होता, मी एकटाच आत गेलो. दुकानात गर्दी. दुकानदारानं खोळ न काढता फटीतूनच वायरी जोडल्या, काळं पान पाहिलं आणि म्हणाला की इसका सब उडाना पडेगा, नवीन टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा. मी जवळच्या पाटीवर खडूनं लिहिलं की उडवू नका, यात माझा आवाज आहे. त्यानं पाटीकडं पाहिलं नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत त्यानं डबा आत ओढला. मी तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली.

आकांक्षा, मी कधीकाळी माइकशिवाय अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं गायलो आहे. त्या दुकानात चार हातांवरच्या माणसाला मला नको एवढं सांगता आलं नाही. मी टेबलावरून वाकून डब्याला मिठी मारली आणि सोडलीच नाही. लोक हसले. शेवटी मुंजाजी आला आणि त्यानं माझ्या वाटणीचं ओरडून घेतलं. येताना डबा मी मांडीवर धरून बसलो.

डबा जागेवर आहे, बंद. संध्याकाळी फार सुनं वाटतं. काल तुझी आई चुलीपाशी आपलीच आपण माझं पाण्याचं गाणं म्हणू लागली. 'माझ्या ओंजळीचं पानी, न्हाई कुनाची मेहेरबानी.' कोरस म्हणून झाला, पुढं अंतरा घेणारं कोणी नाही, म्हणून तिनं तोही घेतला. शब्द निम्मे चुकले. मला उठून बाहेर जावं लागलं.

तुझा उपाय असेल तो पाठव. आता माझ्याकडं काही उरलं नाही.

तुझा बाबा


नाशिक
१३ सप्टेंबर २०२४

ती. बाबांना सप्रेम जयभीम.

वि. वि. तुमचं पत्र ड्यूटीवर वाचलं आणि औषधाच्या खोलीत जाऊन रडले. तुम्ही डब्याला मिठी मारली हे फार बरं केलंत. मी तिथं असायला हवं होतं.

तुम्ही उतरलेली ओळ इथल्या एका कॉम्प्युटरवाल्याला दाखवली. तो म्हणाला की तबकडी नाही, डब्याला बाहेरून काहीतरी लावलेलं राहिलं आहे. सुरू होताना तो आधी त्याच्यातच शोधतो, तिथं त्याला हवं ते सापडत नाही, आणि तो अडून बसतो. बाहेरचं काढलं की आपोआप चालू होईल, गाण्यांना काही झालेलं नसणार.

बाबा, आईचा वंदनेचा पेनड्राइव्ह कुठं आहे? तो डाळीच्या डब्यात आहे का, आधी एवढं पाहा. नसेल तर खोळ काढून मागची बाजू चाचपा. काय झालं ते उलट टपाली कळवा, तोवर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

तुमची,
आकांक्षा


शिरड शहापूर
२० सप्टेंबर २०२४

चि. आकांक्षा हिस बाबांचे पोटभर आशीर्वाद. आधी जेव, मग वाच.

वि. वि. काखेत कळसा आणि गावाला वळसा. डाळीच्या डब्यात डाळच होती. तुझ्या आईला पाटीवर लिहून विचारलं, तर ती म्हणाली की पेनड्राइव्ह जिथल्या तिथंच हाय, वंदना अर्धी असताना लाइट गेली, अर्धी वंदना सोडून माणूस उठत न्हाई तर ती काहून उपटायची? पुरी झाल्यावर काढीन म्हणे. वायरी पुसताना मी तोही पुसला असेन, डब्याचाच भाग समजून. माझ्या चित्रातही तो आहे, शेंगेएवढा.

दुसऱ्या दिवशी ती जवळा बाजार गावच्या आठवडी बाजाराला गेली. मी खोळ वर केली, पेनड्राइव्ह काढला आणि बटण दाबलं. काळं पान आलं नाही. तू लावलेलं बोधिवृक्षाचं चित्र आलं.

पाण्याचं गाणं लावलं. तो माणूस काय गात होता. मी भिंतीला टेकून ऐकलं आणि मनसोक्त रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. मग पहिलं कडवं संपलं, कोरसची जागा आली, आणि ती जागा रिकामी गेली. घरात कोणी नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं मी माझंच ऐकत होतो.

गेले दोन आठवडे तुझी आई रोज गाते. सकाळची वंदना तोंडानं म्हणते, संध्याकाळी माझी गाणी अंतऱ्यासकट. आधी चोरून म्हणायची, आता माझ्याकडं बघून म्हणते. शब्द अडला की थांबते, मी पाटीवर लिहून दाखवतो. तिचा आवाज जरा फाटका आहे, पण सुरात आहे. पार्टीत ती माझ्या पाठीमागं उभी असायची, म्हणून मला तो कधी वेगळा असा ऐकूच आला नव्हता. मी यंत्रातून गाऊ लागलो की ती पुन्हा कोरसला जाऊन उभी राहील. नियम मोडणारी बाई ती नव्हे, आणि तो नियम मागं घ्यायला माझ्याकडं आता आवाज नाही.

म्हणून कॉम्प्युटर बंद केला. पेनड्राइव्ह जिथून काढला तिथंच खोचून ठेवला आणि वरून खोळ घातली. बाजारातून आल्यावर तिनं विचारलं की झाला का नीट. मी मान हलवून नाही म्हटलं. ती म्हणाली की जाऊ द्या, अन् चुलीकडं गेली.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रजा मिळाली तर ये. आई विहारात गेली की खोळ वर करून गाण्यांची प्रत घे आणि तुझ्याजवळ जपून ठेव. पण तिला यातलं काही सांगू नकोस. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा बाबा,
ग्यानोबा

ता. क. तिसऱ्या अंतऱ्यात ती अजून चुकते. मी ताटलीवर दोनदा बोट वाजवतो, मग बराबर घेते.